तबल्याची खोली आणि भिंतीवरचा फोम: नाशिकमधलं एक प्रकरण

इंदिरानगरमधली चार मजली सोसायटी, तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. आतली बेडरूम १० बाय ११ फुटांची, उंची साडेनऊ फूट. संध्याकाळी तिथे तबल्याचा क्लास चालतो, एका वेळी सात-आठ मुलं. रात्री सरांचा भाचा त्याच खोलीत रेकॉर्डिंग करतो. तो इंजिनिअरिंगला आहे, हाताने हुशार आहे, आणि खोलीतली सगळी 'ट्रीटमेंट' त्यानेच सुट्टीत उभी केली होती. सोसायटीचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम टाळले आहेत.

त्याने केलं होतं ते असं. तीन भिंतींवर मिळून साधारण १४ चौरस मीटर दोन इंची पिरॅमिड फोम, गादीवाल्याकडून कापून आणलेला, प्लायच्या तुकड्यांवर रबर सोल्युशनने चिकटवलेला आणि वरून काही ठिकाणी तरटाने मढवलेला. छताला थर्माकोलच्या टाइल्स. दाराच्या आतल्या बाजूला पूर्ण फोम. खिडकी आवाज येतो म्हणून कायमची बंद, त्यावर प्लाय आणि पुन्हा फोम. खिडकीबाहेर आपल्याकडे असतं तसं पक्कं वेल्ड केलेलं ग्रिल. एका कोपऱ्यात फोमचे ठोकळे छतापर्यंत रचलेले, त्यांच्यामागे एक्स्टेंशन बोर्ड आणि त्यात तीन अॅडॅप्टर. पॅनेलच्या मागून एलईडी पट्टी फिरवलेली. फोटोत खोली देखणी दिसायची यात वाद नाही.

माझं काम कारखान्यांतल्या इन्सुलेशनचं, म्हणजे ओव्हन, डक्ट, बॉयलर. भाचा माझ्याकडे आला तो रॉकवूलचा, म्हणजे दगडी तंतूंच्या इन्सुलेशनचा, भाव विचारायला, आणि तोही आगीसाठी नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींची तक्रार थांबत नव्हती. फोमवर आणखी एक थर चढवला तर आवाज खाली जायचा थांबेल का, एवढाच त्याचा प्रश्न होता. खोली बघायला गेलो तेव्हा एका विद्यार्थ्याची आई तिथे बसलेली होती. तिने सरांना साधं विचारलं, "सर, दार लावून मुलं आत बसतात आणि तिथे समई असते. हे भिंतीवरचं पेट घेतं का?" सर म्हणाले, "नाही हो, तो एफआर, म्हणजे आग न धरणारा फोम आहे. दुकानदाराने काडी लावून दाखवली होती, विझली लगेच." पुढचं सगळं प्रकरण या काडीभोवती फिरतं.

काडीने काय कळतं

काडी लावून बघणं चुकीचं नाही, पण त्यातून उत्तर एकाच बाजूचं मिळतं. तुकडा काडीने पेटला तर तो भिंतीवर लावायचा नाही, हे नक्की कळतं. पेटला नाही तर मात्र फारसं काही कळत नाही. काडीची ज्योत इवलीशी, तुकडा हातात आडवा, आजूबाजूला थंड हवा. खरी आग लागते तेव्हा जवळची उशी, पडदा किंवा खुर्ची आधी पेटलेली असते. तिची उष्णता फोमवर सतत पडत असते, आणि फोम उभा असतो. ज्वाला वरच चढते, म्हणजे पेटलेला भाग आपल्या डोक्यावरचा न पेटलेला भाग आधीच तापवून ठेवतो.

हे सांगून पटेना, म्हणून सोसायटीच्या गच्चीवर करून बघितलं. वाळूची बादली, पाण्याची बादली, वारा पाठीमागून, लांब पक्कड आणि हाताएवढे तुकडे. (घरात, गॅलरीत किंवा पार्किंगमध्ये हे करू नये. निघणारा धूर विषारी असतो.) थर्माकोल आधी आक्रसला, मग थेंब होऊन गळायला लागला, आणि थेंब खाली पडूनही जळत राहिले. तरटाचे तंतू क्षणात पेटले. दुकानदाराचा 'एफआर' फोम आडवा धरून कडेला काडी लावली तर खरोखर विझला, आणि भाच्याच्या चेहऱ्यावर 'बघा' असं उमटलं. मग त्याच फोमचे दोन तुकडे एकमेकांसमोर, मध्ये दोन बोटांची फट ठेवून उभे केले आणि खाली कागदाचा एक बोळा पेटवला. या वेळी तो विझला नाही. दोन्ही बाजू एकमेकींना तापवत राहिल्या, काळा धूर सुटला आणि शेवटी वाळू टाकावी लागली. खोलीच्या कोपऱ्यात हेच होतं, कारण तिथे दोन भिंती एकमेकींना काटकोनात भिडलेल्या असतात आणि वरून छत उष्णता अडवून धरतं. भाच्याने फोमचा सगळ्यात जाड ढीग नेमका कोपऱ्यातच लावला होता. ध्वनीच्या हिशेबाने ते बरोबर होतं, म्हणून त्याला दोषही देता येत नव्हता.

दुकानदाराकडे कागद मागितला तेव्हा एक सर्टिफिकेट मिळालं. कागद खरा होता, पण चाचणी गाडीच्या सीटची होती. त्या चाचणीत आडव्या पट्टीवर ज्योत मिनिटाला सुमारे १०० मिलिमीटरपेक्षा कमी वेगाने सरकली तरी माल पास होतो. म्हणजे जळत जाणारा मालही पास होतो, फक्त हळू जळला पाहिजे. प्लास्टिकच्या छोट्या नमुन्यांसाठीची यूएल ९४ चाचणीही अशीच, ती उपकरणांतल्या भागांसाठी आहे. भिंतीच्या अस्तरासाठी एएसटीएम ई ८४ ही अमेरिकी चाचणी किंवा युरोपातलं ईएन १३५०१-१ वर्गीकरण विचारावं. त्यातही एक मेख आहे. ई ८४ मध्ये नमुना २५ फुटी बोगद्याच्या छताला लावून जाळतात. फोम वितळून खाली पडला तर वर जळायला काही उरत नाही आणि आकडा फसवा चांगला येतो. म्हणून अशा मालासाठी अमेरिकेत एनएफपीए २८६ ही खोलीच्या कोपऱ्यात प्रत्यक्ष आग लावून बघायची चाचणी मागतात. आपल्याकडचा सुटा फोम विकणारा यातलं काहीच दाखवू शकणार नाही. 'एफआर आहे' याला तोंडी शब्दापलीकडे आधार नसेल तर तो साधा फोम धरूनच निर्णय घ्यावा, असं माझं मत आहे.

खोलीचा हिशेब

पिरॅमिडच्या खाचा धरून फोमची सरासरी जाडी ३५ मिलिमीटर आणि घनता घनमीटरला २५ किलो धरली, तर १४ चौरस मीटरचं वजन भरतं सुमारे १२ किलो. पॉलियुरेथेन किलोला साधारण २५ मेगाज्यूल उष्णता देतो, म्हणजे एकूण ३०० मेगाज्यूल. १४.२ किलोच्या भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये सुमारे ६५० असतात. मुलांच्या पाठीमागे जवळजवळ निम्मा सिलिंडर पसरून चिकटवलेला होता. छतावरचा थर्माकोल वजनाने तीनच किलो, पण किलोला ४० मेगाज्यूल देणारा.

सरांनी यावर रास्त शंका काढली: "साहेब, मग आमच्या गादीतही फोमच आहे की. तिच्यावर तर आम्ही झोपतो." बरोबर आहे, आणि गादीच्या आगीही जीव घेतात. पण गादी आडवी असते, चादरीत गुंडाळलेली असते आणि एका जागी असते. भिंतीवरचा फोम उभा, उघडा, खाचाखाचांमुळे भरपूर हवा लागणारा आणि खोलीभर सलग असतो. गादी पेटली तर दाराकडे पळता येतं, इथे दारावरच फोम होता.

वेळेचाही अंदाज घेऊ. या आकाराची खोली, दार उघडं आणि छताखालचा गरम थर सुमारे ५०० ते ६०० अंशांवर गेला, की खोलीतलं सगळं जवळपास एकदमच पेटतं. अग्निशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या थॉमसच्या सूत्राने या खोलीसाठी त्याला लागणारी आग साधारण १२०० किलोवॉटची निघते. उभा फोम जोरात जळताना चौरस मीटरला शेकडो किलोवॉट देतो. म्हणजे एका भिंतीचा तीन-चार चौरस मीटर भाग पुरे. त्याच्या कितीतरी आधी धूर आलेला असतो. पॉलियुरेथेनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो, आणि माणूस भाजण्याआधी बेशुद्ध पडतो.

याचे जगातले दाखले फार दुःखद आहेत. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये २० फेब्रुवारी २००३ ला एका नाइट क्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीने मागचा फोम पेटला, १०० माणसं गेली. नंतर तिथल्या सरकारी संस्थेने त्या स्टेजची प्रतिकृती उभारून जाळली, तेव्हा सुमारे ९० सेकंदांत आतली हवा जगण्यालायक राहिली नाही. ब्राझीलमधल्या सांता मारियात २७ जानेवारी २०१३ ला २४२, बुखारेस्टमध्ये ३० ऑक्टोबर २०१५ ला लागलेल्या आगीत ६४. तिन्ही ठिकाणी आवाजासाठी लावलेला फोम आणि ठिणग्या उडवणारी आतषबाजी. आपल्या खोलीत आतषबाजी नसते हे खरं. पण त्या आतषबाजीने केलं एवढंच की फोमला पहिली ठिणगी दिली.

इथली ठिणगी कुठून येणार होती

सगळ्यांच्या मनात समई होती. सरस्वतीच्या तसबिरीसमोर रोज क्लासच्या आधी समई आणि उदबत्ती लागायची, तसबीर तरटाच्या पॅनेलवर. धोका होताच, पण समईकडे निदान सगळ्यांचं लक्ष असतं. मला जास्त भीती वाटली ती दोन गोष्टींची, ज्यांचा उल्लेख कोणी केलाच नव्हता.

पहिली कोपऱ्यातला एक्स्टेंशन बोर्ड. सैल पिनेमुळे बोर्ड तापतो तेव्हा एमसीबी पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. तापतो फक्त तो सांधा. उघड्यावर असता तर जळका वास आला असता, प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसलं असतं. फोमच्या ढिगामागे हे दिसत नाही आणि उष्णताही बाहेर पडत नाही. आम्ही ठोकळे काढले तेव्हा एका सॉकेटची कड तपकिरी झालेली निघाली. भाचा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. गच्चीवरच्या प्रयोगाने झालं नव्हतं ते काम या कडेने केलं.

दुसरी गोष्ट तबलावादकांच्या घरातच सापडेल अशी. पावसाळ्यात दमट हवेने पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, उतरते, स्वर धरत नाही. म्हणून सरांनी कोपऱ्यात क्लिपचा जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब लावला होता आणि जुलै-ऑगस्टमध्ये तबले तासन्‌तास त्याच्याखाली ठेवायचे. अशा बल्बची काच २०० अंशांच्या वर जाऊ शकते. क्लिप सैल होऊन बल्ब फोमला किंवा तरटाला टेकला असता तर ज्वाला दिसायच्या आधी तासभर धुमसणं चाललं असतं, तेही बंद खोलीत आणि कदाचित रात्री. हा बल्ब त्याच दिवशी गेला. आता तबले बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असतात, आणि लागलंच तर हेअर ड्रायर हातात धरून, दुसऱ्या खोलीत.

मग फोमने मिळत काय होतं?

फार थोडं. शोषक पदार्थाची जाडी ध्वनिलहरीच्या पाव लांबीएवढी असेल तर तो नीट काम करतो. ५० मिलिमीटरसाठी ही मर्यादा साधारण १७०० हर्ट्झला येते. चाटीची, म्हणजे तबल्याच्या कडेवरच्या आघाताची, तीक्ष्ण धार त्यात थोडी मऊ होते. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या आसपास, त्याला या फोमचं अस्तित्वही जाणवत नाही. आजींच्या छतावर जो धक्का पोहोचत होता तो तर स्लॅबमधून जात होता. भिंतीवर काहीही लावा, त्याने तो थांबत नाही. थर्माकोलचे कण आतून बंद असतात, तो आवाज शोषतच नाही. अंड्यांचे ट्रे लावणाऱ्यांचीही हीच गत: कागदाचा लगदा, शोषण नगण्य, पेटायला उत्तम.

एवढी जोखीम घेऊन हातात आलं होतं ते थोडंसं, आणि माझ्या मते संभाषण इथेच वळलं. 'आग लागू शकते' म्हटलं की घरातलं कोणीतरी 'आजवर लागली का?' म्हणतंच. 'हे काम करत नाही' म्हटल्यावर भाचा वही घेऊन बसला.

काय काढलं, काय ठेवलं

आधी छत. पैसे आणि वेळ एकाच जागी घालता येणार असेल तर छत आणि दाराची भिंत मोकळी करावी. थर्माकोल पूर्ण उतरवला. दारावरचा फोम काढून त्याजागी जड फ्लश डोअर आणि चारी कडांना रबरी पट्टी बसवली. आवाज अडवायला वजन आणि फटी बुजवणं लागतं, त्यामुळे बाहेरच्या खोलीत पहिल्यापेक्षा कमी ऐकू येऊ लागलं. आतून किल्लीने लागणारं कुलूप काढून साधा हँडल बसवला. दाराबाहेर मुलांच्या चपलांचा ढीग असायचा, त्याला कडेला रॅक मिळाला.

खिडकी उघडली. ग्रिलचा एक भाग कापून बिजागरीवर घेतला, आतून कडी लावली. तिसऱ्या मजल्यावरून उडी कोणी मारणार नाही. पण खिडकीत तोंड घालून श्वास घेता येतो, खालच्यांना हाक मारता येते आणि अग्निशमन दलाची शिडी आली तर वाट मिळते. सरांकडच्या वहिनींना चोरांची काळजी होती. बाहेरून हात पोहोचणार नाही अशी कडी दाखवल्यावर त्या तयार झाल्या.

नवीन पॅनेल घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलची, ५० मिलिमीटर जाड, चार बाय दोन फूट. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना लागतं म्हणून हा माल नाशकात मिळतो. आयएस ८१८३ लिहिलेला घ्यावा. एका स्लॅबचं वजन साधारण पावणेदोन किलो. दगडी तंतू १००० अंशांपर्यंत वितळत नाहीत. त्यांना धरून ठेवणारं रेझिन त्याआधी जळून जातं, पण ते वजनाने थोडंसंच. स्लॅब काळ्या ग्लास टिश्यूत गुंडाळले, म्हणजे तंतू उडत नाहीत. कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. भिंतीपासून दोन इंच सोडून लोखंडी ब्रॅकेट आणि स्क्रूने टांगले. त्या पोकळीने खालच्या स्वरांवरचा परिणाम वाढतो, पण तिच्यात एकही वायर ठेवायची नाही, हा नियम मी भाच्याकडून वदवून घेतला. तीच पोकळी धुरांडं होऊ शकते. स्विचबोर्डभोवती वीतभर भिंत मोकळी.

चौकट लाकडाचीच ठेवली. अॅल्युमिनियम सेक्शनची करता आली असती. पण दीड इंची भरीव पट्टी काही फोमसारखी भडकत नाही, आणि त्या पैशांत दोन स्मोक अलार्म येत होते. इथे शुद्धतेचा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता.

कापडावर मात्र वाद झाला. भाच्याला तरटाचा लूक सोडवत नव्हता. त्याने बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात तरट बुडवायचा तोडगा शोधून आणला होता. तो अगदीच हवेतला नाही: सात भाग बोरॅक्सला तीन भाग बोरिक अॅसिड गरम पाण्यात विरघळवून सुती किंवा तागाचं कापड भिजवलं, तर ते भडकण्याऐवजी काळवंडतं. पण हे क्षार पाण्यात विरघळतात, एकदा धुतलं की गेले. दमट हवेत पांढरी पूड वर येते आणि लहान मुलं त्या भिंतीला टेकून बसणार. फोमवर किंवा पॉलिस्टरवर हा उपाय चालतच नाही. शेवटी हॉटेलच्या पडद्यांसाठी विकतात ते मूळ धाग्यातच ज्वालारोधक असलेलं कापड घेतलं, चाचणीचा कागद बघून. फुंकर मारल्यावर हवा पलीकडे जाते का तेवढं पाहायचं. जात नसेल तर आवाजही आत शिरत नाही.

वायरिंगचं थोडक्यात: अॅडॅप्टर टेबलावर, डोळ्यांसमोर. एक्स्टेंशन बंद, दोन पक्के सॉकेट वाढवले. गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एलईडी पट्टी गेली. समईच्या जागी क्लासच्या वेळेत विजेचा दिवा, खरी समई दसऱ्याला आणि गुरुपौर्णिमेला, फरशीवर, पितळी ताटात. एक अलार्म खोलीत, एक पॅसेजमध्ये. आग विझवायचा २ किलोचा एबीसी सिलिंडर दाराबाहेर टांगला, कारण तो घ्यायला आत जावं लागणार असेल तर उपयोग शून्य. मुलांना सांगितलंय ते एवढंच: अलार्म वाजला की तबला जागेवर सोडून बाहेर, शेवटचा माणूस दार ओढून घेईल, मग १०१.

कायद्याने यातलं किती सक्तीचं होतं? महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत चौथा भाग आगीवरच आहे. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र जानेवारी-जुलैत द्यावं लागतं. पण घरातल्या बेडरूमच्या भिंतीवर काय चिकटवलंय ते बघायला शिंगाडा तलावाच्या अग्निशमन केंद्रातून कोणी येत नाही.

आजींची तक्रार निम्मीच सुटली. तबल्याखाली आता जाड रबराची चटई आणि त्यावर लाकडी फळी आहे, धक्के कमी झालेत. साडेआठनंतर क्लास घ्यायचा नाही असं सरांनी स्वतः सांगितलं. रेकॉर्डिंगमध्ये भाच्याला खोली आधीपेक्षा 'जास्त जिवंत' वाटते आणि त्याला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. कोपऱ्यात रॉकवूलचा चार इंची थर तिरपा लावायचं ठरलं आहे, माल आला की होईल.

उतरवलेला फोम पॅसेजमध्ये पोत्यांत भरून पडला होता. थंडी सुरू झाली होती आणि वॉचमनने शेकोटीसाठी मागितला. सरांनी नाही म्हटलं, कारणही सांगितलं. प्लायवरून निघेल तेवढा गादीवाल्याने चुऱ्यासाठी परत घेतला. सोल्युशन लागलेला राहिला तो थोडा थोडा करून घंटागाडीत, सुक्या कचऱ्यात गेला.